विनापरवाना एफएम प्रक्षेपणाला नेमका दंड किती? गावच्या मंडळासाठी माहिती हवी आहे

गुहागरी

नमस्कार मंडळी.

आमची वाडी गुहागर तालुक्यात, समुद्राकडे उतरणाऱ्या एका डोंगराच्या दोन्ही अंगांना विखुरलेली आहे. आमचे ग्रामविकास मंडळ आहे, त्याची मुंबई शाखाही आहे, आणि त्या शाखेतील एका चाकरमान्याने ऑनलाइन मागवलेला १५ वॉटचा एफएम ट्रान्समीटर यंदा मंडळाला भेट म्हणून आणून दिला आहे. गणपतीत आरत्या आणि जाखडी, शिमग्यात सहाणेवरचे नमन असे कार्यक्रम वाडीपुरते प्रक्षेपित करावेत, म्हणजे ज्या वयस्कर माणसांना घाटी चढून येणे आता जमत नाही त्यांना घरबसल्या ऐकता येईल, असा त्यामागचा विचार आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा आमच्याकडे आणि त्याहून जास्त दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाईल दोन्ही गेले. रस्त्यावर झाडे आडवी, निरोप द्यायचा तर माणूस चालत पाठवायचा, अशी परिस्थिती होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. तेव्हापासून गावाचा स्वतःचा आवाज असावा, ही गोष्ट मंडळाच्या सभेत सतत निघते.

प्रश्न दंडाचा आहे. सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी सांगितले की दंड फार तर हजार रुपये आहे, तो भरता येईल. दुसऱ्यांनी दोन कोटी रुपयांचा आकडा सांगितला. तिसऱ्यांनी अमेरिकेत अशा प्रक्षेपणाला वीस लाख डॉलर दंड होतो, अशी बातमी वाचून दाखवली. मी मंडळाचा सचिव आहे आणि कागदावर सही माझी असते, त्यामुळे यातले खरे काय हे मला नीट समजून घ्यायचे आहे. यंत्र अजून खोक्यातच आहे. ते नुसते जवळ ठेवणे हासुद्धा गुन्हा ठरतो का, आणि आपला हेतू नफ्याचा नसेल तर कायद्यात काही सवलत मिळते का, हेही जाणकारांनी सांगावे. काही तरुण मुलांचे म्हणणे आहे की यंत्र होडीवर ठेवून बारा सागरी मैलांच्या पलीकडून प्रक्षेपण केले तर भारतीय कायदा लागू होत नाही. त्यांना काय उत्तर द्यावे?

वाशिष्ठीकाठ

सचिवसाहेब, मी वकिली करतो आणि आपल्याच जिल्ह्यातला आहे. आपल्या सभेतले तिन्ही आकडे कुठून ना कुठून खरेच आले आहेत, म्हणून आधी त्यांचा उगम सांगतो.

हजार रुपयांचा आकडा १९३३ च्या भारतीय बिनतारी तार कायद्यातला आहे. परवान्याशिवाय ट्रान्समीटर जवळ बाळगणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. ज्येष्ठ सदस्यांच्या लक्षात दंड राहिला आणि तीन वर्षांची कैद निसटली, आणि माझ्या मते गावोगावच्या गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. त्याच्या जोडीला १८८५ चा तार कायदाही होताच. त्याच्या चौथ्या कलमाने तार यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क केंद्र सरकारकडे राखून ठेवला होता, आणि त्या हक्काला डावलून यंत्रणा चालवणाऱ्याला विसाव्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकत होता. म्हणजे रक्कम कितीही जुनी आणि किरकोळ दिसली, तरी हा गुन्हा पैसे भरून मोकळे होण्यासारखा पूर्वीही नव्हता.

दोन कोटींचा आकडा दूरसंचार कायदा, २०२३ मधला आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला आणि २६ जून २०२४ रोजी अमलात आलेल्या पहिल्याच तुकडीत ४२ वे कलम होते. सरकारच्या अधिकारपत्राशिवाय दूरसंचार सेवा देणाऱ्याला किंवा दूरसंचार जाळे उभारणाऱ्याला त्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. इथे ‘पर्यंत’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. वाडीतल्या मंडळाला कोणी सरसकट दोन कोटींचा दंड लावेल असे मी म्हणत नाही, पण ती वरची मर्यादा आहे आणि तिच्या आत रक्कम किती ठरवायची हे आपल्या हातात नसते. वाडीपुरत्या प्रक्षेपणाला ‘सेवा’ किंवा ‘जाळे’ म्हणता येईल का, असा युक्तिवाद वकील म्हणून मला सुचतो. पण या कायद्यातली दूरसंचाराची व्याख्या रेडिओलहरींनी कोणताही संदेश पाठवणे किंवा घेणे इतकी व्यापक आहे, त्यामुळे त्या युक्तिवादाच्या भरवशावर मी माझ्या अशिलाला यंत्र चालू करायला सांगणार नाही.

आता खोक्यातल्या यंत्राविषयी. रेडिओ उपकरण जवळ बाळगण्यासाठी अधिकारपत्र किंवा सूट असावी लागते आणि ती नसल्याबद्दलचा दंड याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत वेगळा दिलेला आहे. तो फौजदारी न्यायालय नव्हे, तर न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. म्हणून ‘चालू केले नाही, मग काय बिघडले’ हा बचाव पुरेसा नाही. हेतू नफ्याचा नव्हता, ही गोष्ट शिक्षा किती द्यायची हे ठरवताना सांगता येते, परंतु तेवढ्यामुळे गुन्हा नाहीसा होत नाही. आणखी एक, पदाधिकारी म्हणून ठरावावर आपली सही असेल तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल.

अमेरिकेचा आकडाही खरा आहे, पण तो तिथलाच. जानेवारी २०२० मध्ये तिथे झालेल्या कायद्याने विनापरवाना प्रक्षेपणाला दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत आणि एकूण वीस लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली, आणि महागाईप्रमाणे ती मर्यादा पुढे वाढत गेली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका केंद्राला २०२३ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने तेवीस लाख डॉलरांहून अधिक दंड प्रस्तावित केला होता. जागा जाणूनबुजून वापरू देणाऱ्या घरमालकालाही तिथे नोटीस जाते. आपल्याकडे त्या आकड्यांचा काही संबंध नाही, ते सभेत वाचून लोकांना घाबरवू नये.

बिनतारी

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो, आता निवृत्त होऊन रत्नागिरीत असतो. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. हा कायदा इतका कडक का, हे मला तांत्रिक बाजूने सांगावेसे वाटते, कारण नुसत्या दंडाची भीती घातली तर मुले रात्री गुपचूप यंत्र लावतील.

अशा ऑनलाइन मिळणाऱ्या १५ वॉटच्या एका यंत्राचे झाकण मी एका परिचिताकडे उघडून पाहिले आहे. बाहेरून ॲल्युमिनियमची चांगली जाड पेटी, पंखा, आकडे दाखवणारा पडदा, सगळे व्यवस्थित. आत मात्र शेवटचा ट्रान्झिस्टर आणि अँटेनाचे सॉकेट यांच्या मध्ये, जिथे तांब्याच्या तारेची वेटोळी आणि छोटे कपॅसिटर मिळून नको त्या वारंवारता अडवणारी गाळणी (फिल्टर) बसवायची असते, तिथे बोर्डावर छिद्रे पाडून ठेवलेली होती आणि त्यांत एकही भाग बसवलेला नव्हता. पैसे वाचवण्यासाठी कारखान्याने गाळणीच गाळली होती. अशा यंत्रावर ९८ मेगाहर्ट्झ लावले की ते ९८ वर बोलतेच, शिवाय १९६ वर आणि २९४ वरही बोलते, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, कारण त्याच्या रेडिओवर आरती स्वच्छ ऐकू येत असते.

एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा पट्टा सुरू होतो. १०८ ते ११८ च्या दरम्यान धावपट्टीची दिशा दाखवणारे संकेत असतात आणि त्याच्या वर १३७ पर्यंत वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे चालते. दोन एफएम लहरी एखाद्या रिसीव्हरमध्ये एकमेकींत मिसळल्या की तिसरीच वारंवारता तयार होते. उदाहरणार्थ, १०६ ची दुप्पट करून त्यातून ९८ वजा केले तर ११४ येतात, आणि ते नेमके विमानाच्या पट्ट्यात पडतात. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा विमानतळ आहे, चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून प्रवासी वाहतुकीसाठी सुरू आहे, आणि तटरक्षक दलाची विमाने किनाऱ्यालगत गस्त घालत असतात. समुद्रावरच्या सगळ्या जहाजांचे आणीबाणीचे कान १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सोळाव्या चॅनेलवर लागलेले असतात. बंदराच्या तोंडाशीच एखादा गाळणी नसलेला ट्रान्समीटर लावला, तर जवळच्या होडीवरचा सेट त्या जोरकस लहरीने बधिर होऊ शकतो. ज्या वादळासाठी आपण यंत्र घेतले त्याच वादळात एखाद्या होडीची हाक ऐकू न येणे, ही शक्यता मला दंडापेक्षा फार मोठी वाटते.

‘वाडीपुरते’ हा शब्दही तपासून पाहावा. एफएम लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. आपली वाडी डोंगराच्या दोन्ही अंगांना आहे असे आपण लिहिले आहे, मग अँटेना समुद्राच्या अंगाला पोफळीवर बांधली तर डोंगरापलीकडच्या घरांत आवाज जेमतेम पोहोचेल, आणि समोर अडथळा नसल्यामुळे समुद्रावर मात्र तो कितीतरी किलोमीटर जाईल. उन्हाळ्यात पावसाआधी अरबी समुद्रावर हवेचे थर असे बसतात की लहरी त्यांच्यामध्ये अडकून अफाट अंतर कापतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत बसवलेल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर त्या दिवसांत थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत असत. म्हणून मे महिन्यात आपला आवाज कुठवर जाईल, हे आपण गावात बसून ठरवू शकत नाही.

आणि यंत्र ‘नुसते तपासण्यासाठी’ चालू करणे हेही प्रक्षेपणच आहे. अँटेनाशिवाय चालू केले तर शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याची शक्यता असते, हे वेगळेच. दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन याच कामासाठी आहे, आणि सतत चालणाऱ्या प्रक्षेपणाची दिशा दोन ठिकाणांहून घेतली की जागा सापडते.

मळेवाडी

वरच्या दोघांचे म्हणणे मी आदराने वाचले, पण एक गोष्ट मांडल्याशिवाय राहवत नाही. कोकणात एफएमचा पट्टा फिरवला तर बहुतेक ठिकाणी नुसती खरखर ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे स्पष्ट म्हटले. मग गाव या सार्वजनिक मालमत्तेचा मालक नाही का? बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या राघव महतो या तरुणाने अगदी थोड्या पैशांत स्वतःच्या हाताने ट्रान्समीटर बनवून आसपासच्या गावांना गाणी आणि आरोग्याची माहिती ऐकवली. लोकांचे त्याच्यावर प्रेम होते, आणि २००६ मध्ये परवाना नाही म्हणून ते केंद्र बंद करण्यात आले. गरीब माणसाने केले की गुन्हा, आणि कंपनीने लिलावात बोली लावून केले की व्यवसाय, हे मला पटत नाही.

वाशिष्ठीकाठ

आपली तळमळ मला मान्य आहे. मात्र त्याच निकालाचे पुढचे वाक्यही महत्त्वाचे आहे. लहरी मर्यादित आहेत, म्हणून त्यांचा वापर सार्वजनिक हितासाठी आणि सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियमनाखाली व्हावा, असे न्यायालयाने सांगितले. सार्वजनिक रस्त्यावर प्रत्येकाचा हक्क असला तरी डाव्या बाजूने चालण्याचा नियम सगळ्यांनाच असतो, तसे हे आहे. मन्सूरपूरच्या त्या तरुणाचे कौतुक मलाही आहे. त्याच वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, केंद्र सरकारने सामुदायिक रेडिओचे, म्हणजे स्थानिक लोकांसाठी संस्थेने चालवलेल्या छोट्या केंद्राचे, दार शिक्षणसंस्थांच्या पलीकडे स्वयंसेवी संस्थांसाठीही उघडले. तोपर्यंत गावाला कायदेशीर मार्गच नव्हता, आज तो आहे, आणि दोन्ही परिस्थितींत हा फरक मोठा आहे.

होडीच्या प्रश्नाचेही उत्तर देतो. बारा सागरी मैलांच्या पलीकडे जाऊन सुटका होत नाही. सागरी कायद्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, ज्यात भारत १९९५ पासून सहभागी आहे, १०९ वे कलम खास खोल समुद्रातून होणाऱ्या अनधिकृत प्रक्षेपणासाठी आहे. जहाजाचा झेंडा ज्या देशाचा त्याला, प्रक्षेपण करणारी व्यक्ती ज्या देशाची नागरिक त्याला, आणि ते प्रक्षेपण जिथे ऐकू येते त्या देशालाही कारवाई करता येते. आपली होडी भारतीय, माणसे भारतीय आणि ऐकणारेही भारतीय, म्हणजे तिन्ही बाजूंनी अधिकार भारताचाच. १९६४ पासून ब्रिटनच्या किनाऱ्याबाहेर जहाजांवरून अशी केंद्रे चालत होती, ती बंद पाडण्यासाठी ब्रिटनने १९६७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. ती युक्ती इतकी जुनी आहे. शिवाय मासेमारीच्या होडीवर असे यंत्र सापडले तर किनाऱ्याच्या सुरक्षेचा प्रश्न उभा राहील आणि तांडेलाच्या पोटावर पाय येईल. मुलांना हे नक्की सांगावे.

केवडा

मी एका महाविद्यालयात शिकवते आणि सामुदायिक रेडिओच्या अर्जाचे काम जवळून पाहिले आहे. गुहागरी दादा, आपल्या मंडळाने याच मार्गाने जावे असे मला मनापासून वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सामुदायिक रेडिओचा परवाना व्यक्तीला मिळत नाही, राजकीय पक्षाला किंवा त्याच्याशी जोडलेल्या संस्थेला मिळत नाही, आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेलाही मिळत नाही. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था, शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र यांना मिळतो. संस्थेची नोंदणी अर्जाच्या वेळी किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि तिने त्या भागात काम केलेले दाखवावे लागते. प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती १०० वॉटपर्यंत आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत असू शकते. आपल्या १५ वॉटच्या खेळण्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे, आणि ते मान्यताप्राप्त, गाळणी असलेल्या यंत्रातून होते. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेला असावा अशी अट आहे, आणि नमन, जाखडी, भजने असलेल्या गावाला ही अट वरदानच आहे.

स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवता येतात. मात्र हवामान, वाहतूक, आरोग्याच्या सूचना, सण-उत्सव, परीक्षांचे निकाल अशी स्थानिक माहिती बातमीत धरली जात नाही, ती देता येते. म्हणजे वादळाची सूचना, कोणता रस्ता बंद आहे, निवारा कुठे आहे, हे सगळे कायद्याच्या चौकटीत सांगता येते. प्रसारित केलेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात. माझ्या अनुभवात छोट्या संस्थांची दमछाक इथेच होते, म्हणून त्या कामाला पहिल्या दिवसापासून एक माणूस नेमावा.

अर्ज माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे ब्रॉडकास्ट सेवा या संकेतस्थळावरून करायचा असतो. तिथून हेतुपत्र, म्हणजे तत्त्वतः मंजुरीचे पत्र, मिळाल्यावर दूरसंचार विभागाकडून वारंवारता आणि मनोऱ्याच्या जागेची मंजुरी घ्यावी लागते, मग करार होतो आणि शेवटी प्रक्षेपण चालवण्याचा परवाना येतो. गृह मंत्रालयाची सुरक्षा तपासणीही मध्ये असते. यात वेळ जातो, खूप जातो, आणि मळेवाडींचा राग मला तिथे शंभर टक्के पटतो. दिल्लीतल्या टेबलावरून कागद हलेपर्यंत इथे दोन पावसाळे निघून जाऊ शकतात. ही प्रक्रिया किनाऱ्यावरच्या आपत्तीप्रवण गावांसाठी तरी वेगाने व्हावी, असा ठराव ग्रामसभेने करून तो जिल्हाधिकारी आणि खासदार यांच्याकडे पाठवला तर ते दंडाच्या चर्चेपेक्षा जास्त उपयोगाचे होईल. आपल्या महाराष्ट्रात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी बायकांच्या संस्थेने चालवून दाखवली आहे. त्या दुष्काळी भागात जे झाले ते कोकणात का होऊ नये?

बिनतारी

ताईंच्या मुद्द्यात थोडी भर घालतो. परवाना येईपर्यंत वादळाची सोय हवी असेल, तर गावातल्या दोघा-तिघा मुलांनी हौशी रेडिओची म्हणजे हॅमची परीक्षा द्यावी. परीक्षा अवघड नाही आणि परवाना व्यक्तीच्या नावाने मिळतो. त्यावरून गाणी किंवा नमन प्रक्षेपित करता येत नाही, सर्वसाधारण श्रोत्यांसाठी बोलता येत नाही, पण वीज आणि मोबाईल गेल्यावर बॅटरीवर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तालुक्याच्या गावाशी संपर्क ठेवता येतो. ३ जूनला तुमचा माणूस चालत गेला, ते काम त्या सेटने झाले असते. शिकवायला मी येईन, एसटीने गुहागरला येणे मला कठीण नाही.

नमनासाठी म्हणाल तर रत्नागिरी आकाशवाणीला पत्र लिहून ध्वनिमुद्रणाची विनंती करावी, आणि वाडीतल्या वयस्करांसाठी मोबाईलवरून थेट प्रसारण करून ते घरातल्या स्पीकरला जोडून द्यावे. त्याला रेडिओचा परवाना लागत नाही.

गुहागरी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने उत्तरे दिलीत, मनापासून आभार. रविवारी सभा आहे. तिथे मी हा धागा छापून वाचणार आहे, विशेषतः रिकाम्या छिद्रांचा आणि सोळाव्या चॅनेलचा भाग, कारण आमच्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी समुद्रावर जाते. दोन गोष्टी राहिल्या. हातात असलेल्या यंत्राचे आता काय करावे? आणि आमच्या मंडळाची नोंदणी मुंबईच्या पत्त्यावर आहे, ती सामुदायिक रेडिओसाठी चालेल का?

वाशिष्ठीकाठ

यंत्र विकू नका आणि दुसऱ्या मंडळाला देऊही नका, कारण त्याने जबाबदारी फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाईल. त्याला वीज जोडू नका. ते कोणाकडून, कधी आणि कसे आले हे सभेच्या इतिवृत्तात लिहा, त्याचा वापर करायचा नाही असा ठराव करा, आणि दूरसंचार विभागाच्या मुंबईतल्या कार्यालयाला पत्र लिहून ते कुठे आणि कसे जमा करावे हे विचारा. पत्राची पोच जपून ठेवा. मसुदा मी करून देतो, त्याचे पैसे नकोत.

केवडा

पत्त्यापेक्षा काम कुठे केले याला महत्त्व आहे. गेल्या तीन वर्षांत मंडळाने गावात काय केले, म्हणजे पाखाडी बांधली, आरोग्य शिबिर घेतले, वादळानंतर छपराचे पत्रे वाटले, त्यांची इतिवृत्ते, लेखापरीक्षित हिशेब आणि ग्रामपंचायतीचे पत्र एकत्र करा. मंडळाच्या घटनेत कार्यक्षेत्र म्हणून आपल्या गावाचे नाव आहे का ते आधी पाहा. नसेल तर घटनादुरुस्तीचा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागेल, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो विषय याच रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्या.